तांडेलाचा हात मोजायचा डबा

शिरगावच्या कमलाकांत तांडेलाला कुणी हट्टी म्हटलं असतं तर त्याने मान डोलावली असती, कारण ते खरंच होतं. कंजूष म्हटलं असतं तर तो हसला असता. पण त्याचा हात मंदावला असं म्हणणारा माणूस त्याच्याच घरातला निघाला, आणि तेही बंदरावर चारचौघांत बोलला, तेव्हा मात्र तांडेलाचं डोकं फिरलं.

झालं होतं ते एवढंच. मे महिन्याच्या शेवटी, मासेमारी बंद व्हायच्या आदल्या दिवशी, बोट बंदराला लावताना तिचं नाक शेजारच्या बोटीच्या फळीवर घासलं. फळी तुटली नाही, कुणी पाण्यात पडलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर दोन शिव्या देऊन लोक विसरले असते. पण बोटीचा तांडेल म्हणून कमलाकांत तीस वर्षं सुकाण धरत होता आणि तीस वर्षांत त्याने बोटीच्या रंगालाही ओरखडा येऊ दिला नव्हता.

"काका, राग मानू नका," हितेश म्हणाला, "पण हात मंदावलाय तुमचा. या साली सुकाण मी धरतो."

हितेश म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यापासून बोट अर्धी त्याची होती. पोरगा वाईट नव्हता, अंगात जोर होता, समुद्राचं ज्ञानही बऱ्यापैकी होतं. फक्त जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची, ही खोड घराण्यातच होती.

"माजा हात तू मोजलास काय?" कमलाकांतने विचारलं.

आता यावर कोण काय बोलणार? हात म्हणजे काय कापड आहे, का पापलेट आहे? पण भांडण तिथे अडकलं ते दोन महिने सुटेना. बोट किनाऱ्यावर ओढून तिच्यावर ताडपत्री पडली, जाळी दुरुस्तीला निघाली, पाऊस आपल्या वाटेने येत-जात राहिला, आणि घरात दोन वेळच्या जेवणाबरोबर तोच विषय वाढला जायचा. नारळी पुनवेला समुद्राला नारळ द्यायचा आणि बोट निघायची. त्या दिवशी सुकाणावर कोण बसणार, एवढाच प्रश्न. कमलाकांतची बायको हिरा वैतागून म्हणायची, "मासे नाय तर नाय, आता भांडानच शिजवा आनि खा."

मग एका संध्याकाळी त्यांची मुलगी दीपिका म्हणाली, "हात मोजता येतो."

दीपिकाने पालघरला आयटीआय केलं होतं आणि सहा वर्षं बोईसरच्या एका कारखान्यात ती कंट्रोल पॅनलचं वायरिंग करत होती. मोठमोठी लोखंडी कपाटं, आत शेकडो वायरी, आणि प्रत्येक वायरीला नंबर. बाईने एकदा वायर ओढली की ती चुकीच्या जागी जायची नाही, अशी तिची ख्याती. पण घरात तिच्या विद्येची किंमत मिक्सर दुरुस्त करण्यापलीकडे कधी गेली नव्हती. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते उगाच नाही.

"कसा मोजनार?" हितेशने विचारलं.

"एक डबा करते. डब्यावर लाल दिवा, खाली बटण. दिवा लागला रे लागला की बटण दाबायचं. मध्ये किती वेळ गेला ते डबाच सांगेल. सेकंदाचे हजार तुकडे करून सांगेल."

ओटीवर बसलेला रामा हसायला लागला. रामा डोंगरातला, मनोरच्या पलीकडचा. भातलावणी आटपली की दर वर्षी यांच्या बोटीवर खलाशी म्हणून यायचा आणि होळीपर्यंत राहायचा. यंदा जाळी विणायला लवकर आला होता. "सेकंदाचे हजार तुकडे," तो म्हणाला, "आनि ते मोजनार कोन? तुजी आई?"

"तुझा आजा," दीपिका म्हणाली.

कमलाकांतने मात्र लगेच होकार दिला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं तोऱ्यात म्हणालासुद्धा. ठरलं ते असं: येत्या रविवारी, बोटीपाशी, सगळ्या खलाशांसमोर प्रत्येकाने तीन-तीनदा बटण दाबायचं. तांडेलाचा हात हितेशच्या हातापेक्षा मंद निघाला तर सुकाण हितेशचं. नाही निघाला तर हितेशने पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही.

दीपिका कामाला लागली. कारखान्यात एका कोपऱ्यात नापास मालाचं पिंप असतं. त्यातून तिने पॅनलवरचा एक लाल दिवा उचलला. त्याच्या काचेला टवका गेला होता म्हणून तो नापास. मशीन बंद करायचं मोठं, भूछत्रासारखं बटणही उचललं, कारण साधं बटण तिच्या बापाच्या हाताखाली एक दिवस टिकलं नसतं. फोरमन मिश्राजींनी चष्म्यावरून पाहिलं. "क्या बना रही हो, दीपिका?"

"बाप का हाथ नापने का डिब्बा, मिश्राजी."

मिश्राजी उत्तर प्रदेशातून येऊन बोईसरमध्ये वीस वर्षं राहिलेले. त्यांनी मान हलवली आणि आपल्या खणातून चार आकडे दाखवणारा एक डिस्प्ले काढून तिच्या हातावर ठेवला. "मेरा भी नापना कभी," म्हणाले.

मेंदू म्हणून तिने बोटाएवढा एक बोर्ड घेतला, त्यात प्रोग्रॅम घातला. सुरू करायचं बटण दाबलं की बोर्ड मनाला येईल तेवढा वेळ थांबणार, कधी दोन सेकंद, कधी सहा, म्हणजे कुणाला अंदाज बांधता येऊ नये. मग दिवा लावणार आणि त्याच क्षणी मोजायला लागणार. दिव्याच्या आधीच बटण दाबलं तर चार शून्यं. बोर्डाची ताकद एवढीशी आणि दिवा कारखान्यातला, जास्त विजेचा, म्हणून मध्ये तिने एक जुनी रिले बसवली. रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका. बोर्डाने इशारा केला की तो आतल्या आत ओढला जातो आणि दिव्याला वीज मिळते. हे सगळं तिने एका जुन्या जंक्शन बॉक्समध्ये बसवलं आणि शनिवारी दुपारी ओटीवर आणून ठेवलं.

पहिल्यांदा तिने स्वतः दाबलं. आकडा आला २६२. म्हणजे सेकंदाच्या पाव भागाहून थोडं जास्त. ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. सहा वर्षं ती दुसऱ्यांच्या मशीनच्या वायरी ओढत होती, पण हा आकडा तिच्या स्वतःच्या अंगातून आला होता. डोळ्याने पाहिलं, डोक्याने ठरवलं, हाताने ऐकलं, आणि त्या सगळ्या प्रवासाला लागलेला वेळ समोर लाल अक्षरात उभा होता. आपल्याच शरीरात एवढं सगळं इतक्या थोड्या वेळात घडतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

रामाचा आकडा २४४. हितेशचा २३१. दोघं पोरं असल्यासारखी परत परत दाबायला लागली, हिरानेही ओल्या हाताने एकदा दाबून घेतलं आणि "चारशे दहा" ऐकून मासळी विकताना आपण किती पटकन सुटे देतो ते सगळ्यांना ऐकवलं. मग कमलाकांत पुढे आला. डब्यासमोर मांडी घालून बसला, उजवा हात बटणावर ठेवला, आणि तोंड वळवून अंगणातल्या माडांकडे बघत बसला.

"बाबा, इकडे बघा की," दीपिका म्हणाली.

"तू तुजं काम कर."

दिवा लागला आणि हात खाली गेला. लागला आणि गेला, असं दोन शब्दांत सांगायचं म्हणून सांगतो. बघणाऱ्यांना त्यात पुढचं-मागचं काही दिसलं नाही. आकडा आला १४८.

हितेशने डबा हलवून बघितला. परत लावला. १५१. परत. १४६. रामाने दोन्ही हात जोडले आणि ते कपाळाला लावले, थट्टेने नव्हे. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पोरांना शंभराच्या जवळपास मागे टाकून बसला होता, आणि बघत होता माडांकडे.

"उद्या परत दाबू," कमलाकांत उठत म्हणाला, "आज काय, आज निस्ती सवय केली."

दीपिकाचा ऊर भरून आला होता. तेव्हापासून ती तो आकडा मनात घोळवत होती. पण ती वायरींची बाई. जुळत नाही ते तिला झोंबतं. तिने वाचलं होतं की नुसत्या डोळ्याने बघून हात हलवायला चांगल्या तरण्या खेळाडूलाही दोनशेच्या आसपास लागतात. मग बाबांचे एकशे अठ्ठेचाळीस कसे? डबा खोटं बोलतोय, असं वाटून तिने मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढला, दिवा लागल्यापासून बोट दबेपर्यंतच्या चौकटी एक एक करून मोजल्या. डबा खरा होता.

दिवेलागणीच्या आधी ती ओटीवर एकटीच बसली होती. सुरू करायचं बटण दाबून तिने दमून डोळे मिटले होते, बोट खालच्या बटणावर तसंच होतं, आणि डब्याच्या पोटातून आवाज आला. टिक. बोट आपोआप दबलं. डोळे उघडून बघते तर १७८.

तिने डबा परत सुरू केला आणि डोळे मिटले. टिक. १८१.

रिले. खटका ओढला जाताना टिक करतो आणि त्याच क्षणी दिवा लागतो. डोळ्याला वेळ लागतो, कानाला कमी लागतो. बाबा दिवा बघतच नव्हते, कानाने खेळत होते. क्षणभर तिला हसू आलं, बाप किती बेरकी म्हणून. बाबांचा कान म्हणजे गावात दंतकथाच होती. इंजिन बंद करून वल्हं पाण्यात उभं धरायचे, त्याच्या टोकाला कान लावायचे आणि घोल कुठे घुरघुरतेय ते सांगायचे, आणि जाळं तिथेच टाकायला लावायचे. घोल मासा पाण्याखाली आवाज करतो हे पुष्कळांना माहीत असतं. तो ऐकू येणारे फार थोडे.

मग तिचं हसू थांबलं. डोळे असलेला माणूस कानाने कशाला खेळेल?

आणि एकेक गोष्ट तिच्यापुढे येऊन उभी राहिली. महिनाभर बाबा जाळीची गाठ नाकाजवळ धरून मारत होते. चहाचा पेला उचलताना आधी बोटं जमिनीवर चाचपडायची. व्हॉट्सअॅपवर फोटो आला की म्हणायचे, तूच सांग कसला हाय तो. दोन महिने सगळं घर हातावरून भांडत होतं. तांडेल म्हणजे हात, असं कोळ्यांच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून डोळ्यांचं नाव कुणाच्या तोंडात आलंच नव्हतं. तिच्याही नाही.

रिले काढून तिथे एक ट्रान्झिस्टर लावला की काम झालं असतं. डाळीच्या दाण्याएवढा तुकडा, आवाज नाही की काही नाही. दहा मिनिटांचं काम. तिने सोल्डरिंगची सळई तापवली. डबा उघडला. रिलेच्या पायाला सळई लावायला गेली आणि तिच्या डोळ्यांसमोर बाप उभा राहिला, सुकाण नसलेला, बंदरावर नुसता उभा. बोटीवर सहा माणसं असतात हेही तिला दिसत होतं. त्यात हितेश, त्यात रामा, ज्याची बायको ठमी डोंगरात वाट बघत असते. तिला सगळं कळत होतं. तरी तिने सळईची पिन काढली आणि डब्याचे चारही स्क्रू परत घट्ट आवळले. असं करताना तिला स्वतःची लाज वाटली, पण तिने केलं.

रविवारी पावसाने उघडीप दिली. बोटीवरची ताडपत्री सोडली होती, आणि फिटर विनोद इंजिन तपासायला आला होता. पाण्याचं पिंप शेजारी ठेवून त्यात नळी सोडली होती, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवलं तरी तापू नये. खलाशी जमले, गावातले लोक जमले, हिरा वेताच्या मोड्यावर येऊन बसली. डबा फळीवर मांडला. कालच्या एकशे अठ्ठेचाळीसची बातमी गावभर झाली होती, आणि लोक पैज बघायला नव्हे, तो हात बघायला आले होते.

हितेशने तीनदा दाबलं. २२९, २३५, २२६. चांगलं खेळला. त्याने घाम पुसला आणि बाजूला झाला, काकाकडे न बघता.

कमलाकांत फळीपाशी आला. हात बटणावर ठेवला. दीपिकाने सुरू करायच्या बटणावर बोट नेलं, पण लगेच दाबलं नाही, कारण आता जे होणार ते खोटं होतं आणि ते तिने बांधलं होतं.

कमलाकांतने हात काढून घेतला.

"विनोद," तो म्हणाला, "इंजीन चालू कर."

"काका, मागनं करू की," हितेश म्हणाला. "आधी हे होऊन जाऊ दे."

"बोटीवर इंजीन बंद ठेवून सुकान कोन धरतो? चालू कर म्हंतो ना."

विनोदने चावी फिरवली. इंजिन धडधडलं, खालची वाळू थरथरली, डिझेलचा काळा धूर वर चढला. शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येईना. रिलेची टिक त्या धडधडीत कुठल्या कुठे बुडून गेली असणार.

दीपिकाला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. टिक बुडवायलाच त्याने इंजिन लावलं होतं. आपण नुसत्या टिकवर दाबतोय हे त्याला काल माडांकडे बघत बसला तेव्हाही माहीत होतं. ती वाकून त्याच्या कानाशी ओरडली, "बाबा, राहू दे. नको."

तो तिच्याकडे वळला. चेहरा शांत होता. "दाब," एवढंच म्हणाला.

तिने दाबलं.

एक सेकंद. दोन. तीन. दिवा लागला.

तांडेल उभा होता. पाय फाकून, जसा बोटीवर उभा राहायचा तसा. डोळे सताड उघडे, थेट दिव्यावर लावलेले. हात बटणावर तयार. आणि दिवा त्याच्यासमोर जळत होता.

डब्यावरचे आकडे पळत होते. पाचशे गेले, हजार गेले. लोकांना आधी वाटलं, म्हातारा खेळवतोय. कुणीतरी हसलं. दोन हजार. तीन हजार. हसणारा गप्प झाला. हितेशने दिव्याकडे बघितलं, काकाच्या डोळ्यांकडे बघितलं, परत दिव्याकडे बघितलं. हिरा मोड्यावरून उठून उभी राहिली. पाच हजार. कुणी हललं नाही, कुणी त्याला सांगितलं नाही की दिवा लागलाय. सांगायची कुणाची छाती होणार होती? दीपिकाने वादळं ऐकली होती, बोट उलटी होता होता बापाने कशी वळवली ते शंभरदा ऐकलं होतं, आणि ते सगळं या दहा सेकंदांपुढे तिला लहान वाटलं. एक माणूस सगळ्या गावासमोर उभा राहून आपलंच माप घेत होता, आणि मापात खोट नको म्हणून त्याने स्वतःचा कान स्वतःच बंद करून टाकला होता.

आकडे थांबले.

कमलाकांतने अजून थोडा वेळ वाट बघितली. मग हात उचलून विनोदला खूण केली. इंजिन बंद झालं, आणि किनाऱ्यावर जी शांतता पसरली तीत लाटांचा आवाज परत आला.

"किती आलं?" त्याने विचारलं.

"नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव," दीपिका म्हणाली. "याच्यापुढे डब्याला मोजता येत नाही, बाबा."

त्याने मान हलवली. एखाद्या व्यापाऱ्याने भाव सांगावा आणि तो आपल्या अंदाजाएवढाच निघावा, तशी. मग हितेश कुठे उभा आहे ते त्याच्या श्वासावरून ओळखून नेमका त्याच्याकडे वळला.

"हात मंद नाय," तो म्हणाला. "ते तू चूक बोललास. डोले गेलेत. दोन वर्सं झाली. मना वाटलं, समुद्र बोलतो, वारा बोलतो, दुसरी बोट आली तर तिचं इंजीन बोलतं, कानावर निभंल. पन त्या दिवशी शेजारची बोट गप उभी होती, रे. गप उभं राहील त्याचं काय करनार?"

हितेशच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन महिने ज्याच्यासाठी भांडला ते मिळालं होतं, आणि ते घ्यायला त्याचा हात पुढे होईना.

"काल मीच तुमाला बोलून बसलो असतो," तो कसाबसा म्हणाला, "एकशे अठ्ठेचाळीस बघून. सुकान तुमचंच, असं."

"म्हनून तर आज इंजीन लावलं," कमलाकांत म्हणाला.

हिरा पुढे आली, त्याच्या दंडाला धरलं आणि दोन वर्षं लपवून ठेवल्याबद्दल सगळ्यांच्या देखत त्याला असं झाडलं की रामा मान खाली घालून वाळू मोजायला लागला. डॉक्टरकडे उद्याच्या उद्या जायचं, पालघरला, मोतीबिंदू असेल तर काढायचा, भीती वाटली तर डोळे मिटून घ्यायचे, नाहीतरी दिसत नाहीच. तो सगळं ऐकून घेत उभा होता. जन्मात कधी एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

दीपिका डबा उचलायला गेली. दिवा अजून जळत होता, कारण बटण कुणी दाबलंच नव्हतं. तिने ते दाबलं नाही. ती बापाजवळ गेली आणि म्हणाली, "मला काल कळलं होतं, बाबा. मी टिक काढणार होते. नाही काढली."

"मना म्हायत हाय," तो म्हणाला. "सलई तापल्याचा वास आला होता. आनि मग तू स्क्रू परत आवळलेस, तेपन ऐकलं." त्याने हात पुढे केला. चाचपडत तो तिच्या डोक्यावर आला आणि तिथे थांबला. "तवाच ठरवलं, इंजीन लावायचं. माज्यासाटी तू खोटी व्हायला नको."